क्रिकेट : नियम सर्वांचा, संधीही सर्वांची

रत्नागिरीच्या उत्तरेस, गणपतीपुळ्याच्या मार्गावर, आरे-वारे हे जुळे किनारे आहेत. ओहोटीनंतर उघडी पडणारी टणक वाळू क्रिकेटसारख्या खेळास पुरेशी होते.

या खेळात प्रत्येक संघात ११ खेळाडू असतात. २२ यार्डांच्या खेळपट्टीच्या दोन्ही टोकांस तीन-तीन यष्ट्या असतात. सहा वैध चेंडूंचे एक षटक होते. फलंदाज धावा काढतो. त्रिफळाबाद, झेलबाद, पायचीत, धावबाद वा यष्टिचीत झाल्यास त्याचा डाव संपतो. अधिक धावा करणारा संघ विजयी ठरतो.

नियम सर्वांना सारखे असले, तरी संधी सारखी नव्हती. दलित समाजातील पालवणकर बाळू यांनी डावखुऱ्या फिरकीच्या बळावर १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळविले. तत्पूर्वी पुण्यात खेळताना मात्र त्यांना सहकाऱ्यांपासून दूर, मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. हिंदू संघाचे कर्णधारपद अखेर १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना लाभले.

शाळेचा वा गावाचा संघ निवडताना शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी याचे स्मरण ठेवावे. निवडीचा निकष केवळ खेळ हाच असावा.