गायरानावरचा गोल्फ

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्रयूज नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. गावाच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून, रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबची दगडी इमारत उभी आहे. १७५४ मध्ये बावीस उमरावांनी आणि जमीनदारांनी मिळून हा क्लब काढला. चौथ्या विल्यम राजाने १८३४ मध्ये त्याला ‘रॉयल अँड एन्शंट’ हे नाव बहाल केलं आणि १८९७ पासून गोल्फचे नियम ठरवण्याचं काम या क्लबकडे आलं. २००४ मध्ये ते एका वेगळ्या संस्थेकडे सोपवलं गेलं, तरी क्लबचा दबदबा कमी झाला नाही. इमारतीच्या समोरच ओल्ड कोर्स या मैदानाचा पहिला टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, आहे. ब्रिटिश ओपन इथे तीस वेळा झाली.

आणि त्या कोर्समधल्या गवताची काडीसुद्धा या क्लबच्या मालकीची नाही.

जमीन फाइफ कौन्सिलची, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. कारभार सेंट अँड्रयूज लिंक्स ट्रस्ट पाहतो. क्लबचे सभासद ठरलेल्या वेळा सांभाळून खेळायला येतात, तसेच १८४३ पासूनच्या सेंट अँड्रयूज गोल्फ क्लबचे येतात, १९०२ च्या न्यू गोल्फ क्लबचे येतात, बायकांच्या क्लबांच्या सभासद येतात. गावात क्लब पुष्कळ आहेत, पण स्वतःचा कोर्स त्यांतल्या एकाकडेही नाही. आपल्याकडे क्लब म्हटला की कुंपण, फाटक, पहारेकरी आणि आत फक्त सभासद असं चित्र डोळ्यांपुढे येतं. इथे मात्र पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवेला, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याला, आडवा छेद देऊन एक सार्वजनिक रस्ता जातो. ग्रॅनी क्लार्क्स वाइंड हे त्याचं नाव. माणसं त्यावरून समुद्राकडे फिरायला जातात, गाड्याही जातात, आणि गोल्फर चेंडू मारायचा थांबून त्यांना वाट देतो.

ही व्यवस्था कुणा एका शहाण्या माणसाने बसून आखलेली नाही. मैदानाचा मालक बदलला, चालवणारा बदलला, आणि दर वेळी आता आपलं काय होणार या धास्तीतून गावाने थोडं थोडं करून ती मिळवली आहे. म्हणून मला या गोष्टीत खेळापेक्षा कारभाराचा इतिहास जास्त मोलाचा वाटतो.

लिंक्स म्हणजे शेती आणि समुद्र यांच्या मधली वालुकामय, खुरट्या गवताची पट्टी. तिथे पीक येत नाही. गावाची गुरं-मेंढरं चरायची, लोक तिरंदाजी करायचे, चेंडू खेळायचे. सरळ आपल्या भाषेत सांगायचं तर ते गावाचं गायरान होतं. १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी तिथे ससे पाळण्याची परवानगी घेतली, पण त्या दस्तऐवजात गावकऱ्यांचे चराईचे आणि गोल्फसह सगळ्या खेळांचे हक्क मान्य करून ठेवले. पुढच्या चारशे वर्षांत गावाने जेव्हा जेव्हा मैदानासाठी भांडण काढलं, तेव्हा पायाखाली हा कागद होता. हक्क नुसता वहिवाटीचा असता तर तो केव्हाच बुडाला असता, असं मला खात्रीने वाटतं.

कारण बुडण्याची वेळ आली होती. १७९७ मध्ये नगर परिषदेचं दिवाळं निघालं आणि तिने लिंक्स विकून टाकली. ती लवकरच डेम्प्स्टर नावाच्या व्यापाऱ्यांच्या हातात गेली. त्यांना गोल्फशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी मांसासाठी आणि कातड्यासाठी मोठ्या प्रमाणावर ससे पाळायला सुरुवात केली. सशांनी बिळं करून ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक हिरवळ, पोखरले, फेअरवेवर खड्डे पडले. गोल्फर कोर्टात गेले, आणि १८०५ मध्ये ससे मारायची मोकळीक त्यांना मिळाली. मग गावकरी आणि सशांचे रखवालदार यांच्यात मैदानावरच मारामाऱ्या होऊ लागल्या. हे सुमारे वीस वर्षं चाललं. १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरम इस्टेटीचे मालक जेम्स चीप यांनी जमीन विकत घेतली. ते स्वतः गोल्फ खेळणारे होते, म्हणून मैदान वाचलं.

पण मालक खेळाडू निघाला हा नशिबाचा भाग झाला, आणि पुढची सत्तर वर्षं गाव त्या नशिबावर तगून होतं.

याच काळात खेळ बदलला. पूर्वी चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून चेंडू शिवत. ते फार महाग, पावसात भिजले की फाटायचे. १८४८ च्या सुमाराला मलायातल्या झाडांच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू आला. सेंट अँड्रयूजमध्ये याची एक आख्यायिका सांगतात: पूर्वेकडून आलेल्या विष्णूच्या मूर्तीच्या खोक्यात भरणासाठी गटापर्चा घातला होता आणि त्यापासून इथल्या एका विद्यार्थ्याने पहिला चेंडू वळला. खरंखोटं काहीही असो, चेंडू स्वस्त झाला एवढं नक्की. सुतार, गवंडी, दुकानदार खेळू लागले आणि अरुंद मैदानावर पावलांचा भार वाढला. गावाचे प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, ह्यू लायन प्लेफेअर यांनी समुद्र हटवून पहिल्या होलजवळची जमीन वाढवली. या गृहस्थांची उमेदीची वर्षं बंगालच्या तोफखान्यात गेली होती. निवृत्त होऊन ते परतले आणि १८४२ पासून मरेपर्यंत त्यांनी गाव सुधारण्याचा ध्यास घेतला.

भार वाढला तशी राखण करणाऱ्याची गरज भासली. १८६५ च्या सुमाराला क्लबने टॉम मॉरिस यांना वर्षाला ५० पौंड पगारावर नेमलं आणि हाताशी हातगाडी, कुदळ आणि फावडं दिलं. पुढे ‘ओल्ड टॉम’ म्हणून जग ज्यांना ओळखू लागलं ते हेच. चार वेळा ओपन जिंकलेला माणूस सकाळी फावडं घेऊन मैदानावर हजर असे. ग्रीनवर वाळूचा पातळ थर पसरला की गवत दाट आणि एकसारखं येतं, हे त्यांनी पाहून ठेवलं आणि आयुष्यभर वाळू टाकत राहिले. आज जगभर ग्रीनवर वाळू देतात, त्यामागे या माणसाचं निरीक्षण आहे. अठराव्या होलचा ग्रीन त्यांनीच नव्याने बांधला. रविवारी मैदानाला विश्रांती हवी, हा त्यांचा आग्रह. तो आजही पाळला जातो. मोठ्या स्पर्धांचे मोजके रविवार सोडले तर ओल्ड कोर्स त्या दिवशी खेळासाठी बंद आणि गावासाठी उघडा असतो. जिथे आदल्या दिवशी जगातले पट्टीचे खेळाडू पट मारत होते तिथे मुलं पळतात, म्हातारी जोडपी कुत्री घेऊन हिंडतात. स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावर कुणीही उभं राहून फोटो काढावा.

चीप घराण्याने जमीन विकायला काढली तेव्हा गावाला पुन्हा घोर लागला. क्लब ती घ्यायला तयार होता. नगर परिषदही मागे हटेना. अखेर १८९४ मध्ये पार्लमेंटने कायदा केला: मालकी गावाची, देखभालीचा खर्च क्लबचा, आणि क्लबने गावासाठी आणखी एक कोर्स बांधून द्यायचा. कारभारासाठी जी समिती नेमली तीत क्लबचे पाच आणि नगर परिषदेचे दोन. ओल्ड टॉमनी आखलेला हा दुसरा कोर्स १८९५ मध्ये खुला झाला. नाव ‘न्यू’. सव्वाशे वर्षांनंतरही तो न्यूच आहे. गावकऱ्यांना खेळ फुकट होता. १९१३ पासून पाहुण्यांना फी लागू झाली, आणि १९४६ मध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ओढगस्तीत, गावकऱ्यांनाही पैसे भरावे लागले.

खरी कसोटी त्यानंतर आली. १९७३ च्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या स्थानिक संस्थांची नव्याने रचना होणार होती. सेंट अँड्रयूजची नगर परिषद रद्द होऊन गाव नॉर्थ ईस्ट फाइफ या मोठ्या जिल्ह्यात जाणार होतं. म्हणजे गावाच्या मैदानाची मालकी ज्या संस्थेकडे होती तीच नाहीशी होणार. नव्या जिल्हा परिषदेचं ठाणं दुसऱ्या गावी, कूपरला. तिथे बसलेल्या लोकांनी उद्या लिंक्सचं उत्पन्न रस्ते-गटारांकडे वळवलं तर? फी मनाला येईल तशी वाढवली तर? एकट्या क्लबकडे कारभार द्यावा, तर गावकऱ्यांना तेही नको.

यातून जो तोडगा निघाला त्याला मी दाद देतो. १९७४ मध्ये पार्लमेंटच्या खास कायद्याने जमिनीची मालकी आणि मैदानाचा कारभार एकमेकांपासून सोडवले. मालकी नव्या जिल्हा परिषदेकडे गेली, १९९६ पासून ती फाइफ कौन्सिलकडे आहे. कारभार ट्रस्टकडे आला. ट्रस्टवर आठ विश्वस्त: तीन रॉयल अँड एन्शंट क्लबचे, तीन कौन्सिलचे, एक सरकारने नेमलेला आणि एक त्या मतदारसंघाचा खासदार. रोजचं काम पाहणाऱ्या व्यवस्थापन समितीत चार क्लबचे, चार कौन्सिलचे. कुणा एकाचं बहुमत नाही. मैदानातून आलेला पैसा मैदानावरच खर्च होतो. ओल्ड कोर्सच्या फीवर इतर कोर्सचीही देखभाल निघते. १९९३ मध्ये स्ट्रॅथटायरम आणि २००८ मध्ये कड्यावरचा कॅसल कोर्स झाला. आता सात कोर्स आहेत, आणि सातही सार्वजनिक.

हा पैसा कुठे जातो ते बंकरपाशी पाहावं. ओल्ड कोर्सवर ११२ बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत. त्यांच्या उभ्या भिंती सिमेंटच्या नसतात. गवतासकट मातीचे चौकोनी तुकडे कापायचे, एकावर एक थर रचत जायचं आणि मागून माती ठासायची. ऊन-वाऱ्याने आणि चेंडूंच्या माराने त्या काही वर्षांत ढासळतात आणि हिवाळ्यात पुन्हा रचाव्या लागतात. नोव्हेंबर ते मार्च गवत वाढत नाही, तेव्हा फेअरवेवर खेळणाऱ्याने सोबत छोटी चटई ठेवायची आणि चेंडू तिच्यावर ठेवून मारायचा. हजारो मैलांवरून, खूप पैसे भरून आलेल्या माणसालाही यातून सूट नाही.

खेळायची वेळही दामदुप्पट देऊन सहज मिळत नाही. पुष्कळशा वेळा रोजच्या सोडतीतून दिल्या जातात. दोन दिवस आधी नावं द्यायची, दुपारनंतर निकाल लागतो. एकटे येणारे पूर्वी रात्रभर रांगेत थांबत. आता त्यांचीही सोडत निघते. गावकऱ्यांना वर्षाचं तिकीट पाहुण्यांच्या तुलनेत फारच स्वस्त पडतं आणि त्यात सगळे कोर्स येतात.

तरी कुरबुर आहेच. १९९० च्या दशकात खेळायच्या काही वेळा खाजगी कंपनीमार्फत, हॉटेलच्या मुक्कामासह, आगाऊ विकायला सुरुवात झाली तेव्हा गावकरी भडकले होते. आपल्या गायरानावर आपल्यालाच जागा उरणार नाही ही जुनी भीती पुन्हा वर आली. २०१३ च्या सुमाराला काही ग्रीन आणि बंकर बदलले तेव्हाही जगभरातून ओरड झाली. मला ही कुरबुर चांगली वाटते. लोकांना मैदान आपलं वाटतं म्हणूनच ते बोलतात.

२०२७ मध्ये ओपन पुन्हा इथे येते आहे. पाहुण्यांची मागणी वाढणार, दर वाढणार, आणि गावकऱ्यांच्या वाट्याला किती वेळा उरणार हा वाद पुन्हा पेटणार. त्या वादात १९७४ च्या व्यवस्थेतली एक उणीव मला खटकते. विश्वस्तांत गावातल्या बाकी क्लबांसाठी राखीव जागा नाही. रॉयल अँड एन्शंटचे सभासद जगभर पसरलेले आहेत, तर रोज सकाळी या गवतावर चालणारे पोस्टमन, शिक्षक आणि निवृत्त कारागीर न्यू आणि सेंट अँड्रयूज या क्लबांत आहेत. त्यांचं म्हणणं नगरसेवकामार्फत किंवा खासदारामार्फतच टेबलापर्यंत पोहोचतं. कायद्यात दुरुस्ती करण्याची वेळ पुन्हा आलीच, तर या लोकांसाठी निदान एक खुर्ची आधी मांडली जावी.