स्वच्छमंडल प्रत्यारोपण : शस्त्रक्रिया, तिच्यातील गुंतागुंती आणि पनवेल परिसराच्या संदर्भात काही विचार

गोषवारा : डोळ्यात फूल पडल्याने येणाऱ्या अंधत्वावरील प्रमुख उपाय म्हणजे स्वच्छमंडल प्रत्यारोपण होय. प्रस्तुत लेखात या शस्त्रक्रियेमागील तत्त्व, तिचा इतिहास, प्रचलित पद्धती व शस्त्रक्रियोत्तर गुंतागुंती यांचा परामर्श घेतला आहे. कलमाचे भवितव्य शस्त्रक्रियागृहाइतकेच त्यानंतरच्या देखभालीवर अवलंबून असते. म्हणून महाविद्यालयांतील नेत्रदान मोहिमांनी केवळ संकल्पपत्रांपुरते मर्यादित राहू नये, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्वच्छमंडल, नेत्रदान, नेत्रपेढी, कलम नाकारणे, अंतःस्तर पेशी.

१. प्रस्तावना

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा कालावधी राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा म्हणून पाळला जातो. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विभाग या काळात व्याख्याने आयोजित करतात, फेऱ्या काढतात आणि विद्यार्थ्यांकडून संकल्पपत्रे भरून घेतात. हा उपक्रम स्तुत्य आहेच. परंतु दान केलेल्या डोळ्याचे पुढे काय होते, तो कोणाला उपयोगी पडतो आणि बसविलेले कलम कधी कधी पुन्हा का पांढरे पडते, या प्रश्नांची चर्चा अशा कार्यक्रमांत क्वचितच होते. अध्यापकवर्गाला या विषयाची शास्त्रीय पार्श्वभूमी ठाऊक असावी, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘डोळा बसविला’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात संपूर्ण डोळा बसवून दृष्टी परत आणणे आजही शक्य झालेले नाही. बदलला जातो तो डोळ्याच्या पुढच्या भागातील पारदर्शक पडदा. वृत्तपत्रे त्याला ‘बुबुळ’ म्हणतात. पण बुबुळ हा शब्द त्यामागील रंगीत पडद्यासाठीही वापरला जात असल्याने संदिग्धता निर्माण होते. म्हणून येथे ‘स्वच्छमंडल’ ही परिभाषा स्वीकारली आहे. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा दृष्टिपटलाचे विकार या शस्त्रक्रियेने बरे होत नाहीत, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

२. स्वच्छमंडलाची रचना व कार्य

स्वच्छमंडलाचा आडवा व्यास सुमारे ११ ते १२ मिलिमीटर असून मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाचे वक्रीभवन घडवून आणण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हाच पडदा करतो. निरोगी स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ते पारदर्शक राहते, आणि रक्तातील संरक्षक पेशींचा त्याच्याशी संबंध कमी येत असल्याने परक्या व्यक्तीचे ऊतक स्वीकारणेही सुलभ होते.

पडद्याच्या सर्वांत आतल्या बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. त्याला अंतःस्तर म्हणतात. डोळ्यातील द्रव पडद्यात सतत झिरपत असतो आणि या पेशी तो सतत बाहेर उपसत असतात. हा उपसा थांबला की पडदा फुगतो व धूसर होतो. प्रौढ माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण २५०० अंतःस्तर पेशी असतात; वयानुसार त्या घटत जातात आणि नष्ट झालेल्या पेशींच्या जागी नव्या तयार होत नाहीत. प्रत्यारोपणाच्या यशापयशाचे मर्म बहुतांशी या एका वस्तुस्थितीत आहे.

३. फूल पडण्याची कारणे

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील लोकांत मोतीबिंदूखालोखाल, तर पन्नाशीच्या आतील लोकांत सर्वांत मोठे असे अंधत्वाचे कारण स्वच्छमंडलाची अपारदर्शकता हे आहे. म्हणजे हे अंधत्व मुख्यतः कमावत्या वयाच्या माणसाला आणि मुलांना गाठते. पूर्वी जीवनसत्त्व ‘अ’चा अभाव व खुपऱ्या ही महत्त्वाची कारणे होती. खुपऱ्यांचे सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले. आता जंतुसंसर्ग, इजा, मोतीबिंदू शस्त्रक्रियेनंतर होणारी अंतःस्तराची हानी आणि पडदा शंकूसारखा पुढे येण्याचा विकार ही कारणे ठळकपणे पुढे येतात.

पनवेल परिसराच्या दृष्टीने दोन कारणांचा विशेष विचार करावा लागतो. रायगड हा भातशेतीचा जिल्हा आहे. लावणी, कापणी किंवा झोडणी करताना भाताचे पाते वा तूस डोळ्याला लागते, बारीक ओरखडा पडतो आणि त्यातून बुरशीचा संसर्ग होऊन व्रण तयार होतो. अशा वेळी दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल, तर लाली तात्पुरती कमी होते. बुरशी मात्र आत पसरत जाते.

दुसरे कारण रासायनिक दाहाचे. तळोजा, रसायनी, पाताळगंगा या औद्योगिक पट्ट्यांत अशा अपघाताची शक्यता गृहीतच धरावी लागते. परंतु तितकाच घातक पदार्थ तंबाखू खाणाऱ्या प्रत्येक घरात असतो, तो म्हणजे चुना. चुन्याची पुडी किंवा नळी दाबताना मुलांच्या डोळ्यात चुना उडाल्याच्या घटना भारतीय नेत्रवैद्यकीय साहित्यात वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ पडद्यात खोलवर शिरतो आणि पडद्याच्या कडेला असलेल्या मूलपेशी नष्ट करतो. वरचा थर सतत नव्याने घडविण्याचे काम या मूलपेशींचे असल्याने त्या नष्ट झालेल्या डोळ्यात नुसते प्रत्यारोपण टिकत नाही.

४. ऐतिहासिक आढावा

योगायोगाची गोष्ट अशी की, या शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा आरंभही चुन्यापासूनच होतो. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने दोन्ही डोळे भाजलेल्या एका मजुरावर प्रत्यारोपण केले. इजेमुळे डोळा काढावा लागलेल्या अकरा वर्षांच्या मुलाचे स्वच्छमंडल त्यासाठी वापरले गेले. एका डोळ्यातील कलम निकामी झाले. दुसऱ्यातील स्वच्छ राहिले आणि तो मजूर कामावर परतला. मनुष्यावरील पहिले यशस्वी पूर्णजाडीचे प्रत्यारोपण म्हणून याची नोंद होते. यश आणि अपयश एकाच रुग्णात शेजारी शेजारी असावेत, हे या शस्त्रक्रियेच्या पुढील वाटचालीचे जणू सूचकच ठरले.

१९३० च्या दशकात ओडेसा येथील डॉ. व्लादिमिर फिलातोव्ह यांनी मृत व्यक्तीचे स्वच्छमंडल वापरण्याची पद्धत रूढ केली. १९४४ मध्ये न्यूयॉर्कला डॉ. टाउनली पॅटन यांच्या पुढाकाराने नेत्रपेढी सुरू झाली आणि पाठोपाठ १९४५ मध्ये मद्रास येथे भारतातील पहिली नेत्रपेढी डॉ. आर. ई. एस. मुथय्या यांनी स्थापन केली.

५. शस्त्रक्रियेच्या पद्धती

मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढले जातात. नेत्रपेढीत दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी इत्यादींसाठी तपासणी होते आणि विशेष सूक्ष्मदर्शकाखाली अंतःस्तर पेशी मोजल्या जातात. दृष्टी सुधारण्यासाठी करावयाच्या प्रत्यारोपणास सामान्यतः दर चौरस मिलिमीटरला २००० हून अधिक पेशी असलेले ऊतक निवडले जाते. एम. के. माध्यमात ऊतक सुमारे चार दिवस, तर प्रगत माध्यमात चौदा दिवसांपर्यंत शीतपेटीत टिकते.

पूर्णजाडीच्या पद्धतीत रुग्णाच्या पडद्याचा मधला सात ते आठ मिलिमीटरचा गोल भाग काढून तेथे दात्याचा किंचित मोठा भाग केसाहूनही बारीक नायलॉनच्या धाग्याने शिवला जातो. टाके बहुधा सोळा असतात आणि ते वर्षभर किंवा अधिक काळ राहतात. ज्या रुग्णाचा अंतःस्तर शाबूत आहे त्याच्यात पुढील थर तेवढे बदलतात. ज्याचा केवळ अंतःस्तर खराब आहे त्याच्यात मागील पातळ थर बदलून हवेच्या बुडबुड्याने तो जागी चिकटवितात. या दुसऱ्या प्रकारात नेदरलँड्सचे डॉ. गेरिट मेलेस यांचे कार्य मूलभूत मानले जाते. मूलपेशी नष्ट झालेल्या डोळ्यांसाठी हैदराबादच्या डॉ. वीरेंद्र सांगवान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेली पद्धती भारतीय परिस्थितीस विशेष अनुरूप आहे. तीत निरोगी डोळ्यातील मूलपेशींचा लहानसा तुकडा घेऊन तो बाधित डोळ्यावर बारीक कणांच्या रूपात रुजविला जातो.

६. शस्त्रक्रियोत्तर गुंतागुंती

गुंतागुंतींचा विचार कालक्रमाने केल्यास विषय सुलभ होतो.

(अ) तात्कालिक : शस्त्रक्रियेत डोळा उघडा असताना अचानक होणारा रक्तस्राव दुर्मिळ, पण भयंकर असतो. पहिल्या काही दिवसांत जखमेतून द्रव झिरपणे, वरचा थर न भरणे, कलम मुळातच कार्यान्वित न होणे किंवा अंतःस्तराचे कलम जागेवरून सरकणे या अडचणी संभवतात.

(आ) शरीराने कलम नाकारणे : ही सर्वपरिचित गुंतागुंत होय. रोगप्रतिकारक पेशी कलमास परके समजून त्यावर, विशेषतः अंतःस्तरावर, हल्ला करतात. लाली, प्रकाश सहन न होणे, दृष्टी मंदावणे आणि वेदना ही तिची चार लक्षणे रुग्णाला पाठ असली पाहिजेत. वेळीच स्टेरॉइडचे थेंब तासातासाने दिल्यास अनेक कलमे वाचतात. विलंब झाल्यास पेशी कायमच्या नष्ट होतात. धोका पद्धतीनुसार बदलतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दोन वर्षांत कलम नाकारले जाण्याची शक्यता पूर्णजाडीच्या प्रत्यारोपणात १८ टक्के, तर सर्वांत पातळ अंतःस्तर प्रत्यारोपणात १ टक्का आढळली. पडद्यात रक्तवाहिन्या शिरलेल्या असल्यास किंवा आधीचे कलम नाकारले गेले असल्यास धोका बराच वाढतो.

(इ) दीर्घकालीन : सैल टाक्यातून जंतुसंसर्ग, दाब वाढून होणारा काचबिंदू, स्टेरॉइडमुळे येणारा मोतीबिंदू, मूळ रोग उलटणे आणि पडद्याची वक्रता असमान होऊन येणारी दृष्टिविकृती हे प्रश्न अनेक वर्षे पाठ सोडत नाहीत. पूर्णजाडीच्या कलमाची कड मूळ पडद्याइतकी मजबूत कधीच होत नाही. वर्षांनंतरही डोळ्यास मार लागल्यास ती उघडू शकते. कलम स्वच्छ असूनही चष्म्याशिवाय नीट दिसत नाही, अशी तक्रार असते ती वक्रतेमुळे. तिला शस्त्रक्रियेचे अपयश समजू नये.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील प्रत्यारोपणांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एक वर्षानंतर ७९.६ टक्के, दोन वर्षांनंतर ६८.७ टक्के आणि पाच वर्षांनंतर ४६.५ टक्के कलमे शाबूत होती. त्यानंतर तंत्र पुष्कळ सुधारले आहे. तथापि पहिल्या वर्षाचे यश पाचव्या वर्षापर्यंत टिकविणे हे खरे आव्हान आहे, हा या आकड्यांचा बोध आजही लागू पडतो.

७. पनवेल परिसर आणि देखभालीचा प्रश्न

डॉ. सुहास हळदीपूरकर यांनी स्थापन केलेली लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट व तिची नेत्रपेढी यांमुळे नेत्रोपचाराच्या नकाशावर पनवेलचे नाव ठळक झाले आहे. तालुक्यातच कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबई, पुणे व गोव्याकडे जाणारे रस्ते येथे मिळत असल्याने पेण, कर्जत, खालापूर, उरण येथील रुग्णांना पनवेल सोयीचे पडते.

तथापि सोय ही सापेक्ष कल्पना आहे. कर्जतच्या डोंगराळ भागातील वाडीवर राहणाऱ्या शेतमजुराचा विचार करावा. शस्त्रक्रिया सवलतीत किंवा विनामूल्य झाली, तरी पुढील वर्षभरात त्याला अनेकदा तपासणीस यावे लागते. प्रत्येक फेरीत त्याची व सोबतच्या माणसाची रोजची मजुरी बुडते. डोळा पांढरा स्वच्छ दिसू लागला की थेंबांची गरज संपली, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. लावणीच्या दिवसांत डोळा लाल झाला, तर ‘चार दिवसांनी जाऊ’ असा विचार होतो. आणि कलम वाचण्याची मुदत नेमकी त्याच चार दिवसांत निघून जाते. अशा रुग्णाला निष्काळजी ठरविणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. दात्याच्या कुटुंबाने दुःखाच्या क्षणी दिलेले दान येथे प्रवासखर्चापायी वाया जाते.

८. नेत्रदान, कायदा आणि महाविद्यालयांची भूमिका

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार दर ७० गरजू रुग्णांमागे एकच स्वच्छमंडल उपलब्ध होते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ऊतकांचा स्पष्ट समावेश झाला आणि प्रशिक्षित तंत्रज्ञासही स्वच्छमंडल काढण्याची मुभा मिळाली. व्यवहारात निर्णय होतो तो मृत्यूनंतर, निकटच्या नातेवाइकांच्या संमतीने. संकल्पपत्र भरलेले नसले तरी नातेवाईक नेत्रदान करू शकतात. आणि ते भरलेले असूनही घरच्यांना माहीत नसल्यास दान घडत नाही.

यास्तव महाविद्यालयांनी पुढील बाबींवर भर द्यावा, असे सुचवावेसे वाटते :

(१) विद्यार्थ्याने स्वतःच्या सहीपेक्षा घरातील वडीलधाऱ्यांशी चर्चा करणे अधिक फलदायी आहे. चष्मा, मधुमेह, रक्तदाब किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया या नेत्रदानाच्या आड येत नाहीत. एचआयव्ही, कावीळ बी व सी, रेबीज, रक्ताचा कर्करोग यांत मात्र दान स्वीकारले जात नाही.

(२) मृत्यूनंतर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवणे, पंखा बंद करणे, डोके उशीने उंच करणे व नेत्रपेढीस तत्काळ कळविणे, इतके ज्ञान प्रत्येक घरात असावे. पुढील प्रक्रिया घरीच, अर्ध्या तासाच्या आत होते आणि चेहरा विद्रूप होत नाही.

(३) डोळ्यात चुना वा रसायन गेल्यास इतर कशाचीही वाट न पाहता स्वच्छ पाण्याने किमान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवावा व मग रुग्णालय गाठावे. शेतात डोळ्यास इजा झाल्यास तूप, मध, दूध किंवा दुकानातील थेंब घालू नयेत.

(४) ज्या गावांत शिबिरे होतात तेथील प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या संपर्कात राहून त्यांना तपासणीची आठवण करणे व प्रसंगी सोबत जाणे, हे काम स्वयंसेवक सहज करू शकतात. रुग्णालयाच्या सहकार्याने व रुग्णाच्या संमतीने ते व्हावे.

९. समारोप

स्वच्छमंडल प्रत्यारोपण ही एका दिवसात पूर्ण होणारी घटना नसून दाता, त्याचे कुटुंब, नेत्रपेढी, शल्यविशारद, रुग्ण आणि समाज यांच्यातील वर्षानुवर्षे चालणारा व्यवहार आहे. पैकी शस्त्रक्रियेचा दुवा आपल्याकडे भक्कम आहे. दुबळे आहेत ते तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे दुवे. ते बळकट करण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. पंधरवड्याच्या अहवालात भरलेल्या संकल्पपत्रांची संख्या आपण नोंदवतोच. त्याच अहवालात तपासणीस वेळेवर पोहोचलेल्या रुग्णांची संख्या नोंदविण्याचा एक रकाना वाढविला, तरी या कार्याला योग्य दिशा मिळेल.