भाषणस्वातंत्र्य आणि द्वेषाचा कायदा

रायपूरच्या वाङ्मयीन इतिहासात माधवराव सप्रे यांचे नाव अग्रभागी आहे. मराठी कुळातील या लेखकाने १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि १९०७ मध्ये नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू केला. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. क्षमापत्र लिहून दिल्यावर सुटका झाली. पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ त्यांनीच हिंदीत आणले. त्या क्षमापत्राबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे. कायद्याचा धाक लेखणीला कोठवर नेतो, याची ती नोंद आहे, असे मला वाटते.

त्याच वर्षी मुंबईत टिळकांवर खटला चालला. त्यात राजद्रोहाचे दोन आरोप होते; तिसऱ्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो दंडसंहितेच्या कलम १५३-अ खालचा, म्हणजे प्रजेच्या निरनिराळ्या वर्गांत वैरभाव पसरविल्याचा होता. राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची हद्दपारी झाली, या आरोपाबद्दल एक हजार रुपये दंड. १८९८ साली केलेले हे कलम जमातींमधील सलोख्यासाठी आहे, असे वरकरणी दिसे. परंतु राज्यकर्ते इंग्रज हादेखील प्रजेचा एक ‘वर्ग’च ठरला, की राजसत्तेवरील टीका आपोआप वर्गद्वेष होई.

स्वतंत्र भारताने हे कलम टाकून दिले नाही. घटनेच्या अनुच्छेद १९ ने भाषणस्वातंत्र्य दिले. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर ‘वाजवी निर्बंध’ घालण्याची मुभा दिली. अमेरिकेने उलट मार्ग धरला. ओहायोतील कू क्लक्स क्लॅनच्या एका पुढाऱ्याची शिक्षा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली रद्द केली. बेकायदा कृत्य तत्काळ घडवून आणण्याची चिथावणी असेल आणि ते घडण्याचा संभवही असेल, तरच शिक्षा, असा दंडक त्या निर्णयाने घातला. भाषण कितीही किळसवाणे असले तरी तेवढ्याने भागत नाही. जर्मनीची कसोटी याहून निराळी. नाझी राजवटीच्या अनुभवानंतर मानवी प्रतिष्ठा अभंग आहे, या वचनाने तिची १९४९ ची घटना सुरू होते. एखाद्या समूहाविरुद्ध द्वेष चेतविणे तेथे गुन्हा आहे, ज्यूंच्या संहाराचा जाहीर इन्कार करणेही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि १५३-अ च्या जागी कलम १९६ आले. कमाल शिक्षा सामान्यतः तीन वर्षेच राहिली. रायपूरच्या न्यायालयात आज असा खटला आला, तर दंगल तत्काळ उसळणार होती काय, असा ओहायोचा प्रश्न तेथे निर्णायक ठरणार नाही. शब्दांचा हेतू आणि रोख पाहिला जाईल. मात्र शासनाच्या पूर्वसंमतीवाचून न्यायालयाला या गुन्ह्याची दखलच घेता येत नाही. कोणाचा द्वेष न्यायासनापुढे जावा, हे प्रथम शासनच ठरविते.