सिकंदराबादचा दर्यावर्दी : व्हाइस ॲडमिरल कटारी

आपल्या जुळ्या शहरांत हुसेनसागर आहे, पण खरा सागर शेकडो किलोमीटर दूर! तरीही भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख राम दास कटारी यांचे बालपण आणि शिक्षण याच परिसरात झाले.

कटारींचा जन्म १९११ सालचा. त्या काळी जहाजांवर भारतीय खलाशी हजारोंनी होते, पण अधिकारी जवळजवळ सगळे गोरे. भारतीय मुलांना व्यापारी जहाजांवरील अधिकारीपदाचे शिक्षण मिळावे म्हणून १९२७ साली मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. त्याच्या पहिल्याच तुकडीत कटारी होते.

पुढे त्यांनी कोलकात्याला हुगळी नदीच्या सर्वेक्षणाचे काम केले. काम दिसायला साधे, पण फार जबाबदारीचे. हुगळी सतत गाळ आणते. काल जिथे जहाज सुखरूप गेले, तिथे काही दिवसांनी ते रुतू शकते. म्हणून नदीची खोली पुन्हा पुन्हा मोजून नकाशे सुधारावे लागतात. आकडा चुकला तर जहाज आणि माणसे दोन्ही धोक्यात!

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले आणि कटारी नौदलाच्या राखीव दलात दाखल झाले. तेव्हा आपले नौदल अगदी लहान होते, जेमतेम दोन हजार माणसांचे. युद्ध संपेपर्यंत ते सुमारे तीस हजारांवर गेले. मालवाहू जहाजांना संरक्षण देणे, पाण्यातील सुरुंग काढणे अशी कामे या दलाने केली. एरवी बंद असलेली दारे युद्धाच्या निकडीने कटारींसारख्या तरुणांना उघडली.

स्वातंत्र्यानंतरही नौदलाचे प्रमुखपद अकरा वर्षे ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच होते. २२ एप्रिल १९५८ रोजी ते कटारींकडे आले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६१ साली, ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका नौदलात आली. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्या मोहिमेत अंजदीव बेटावर आपल्या नौसैनिकांनी प्राणांचे मोल दिले.

१९६२ साली कटारी निवृत्त झाले. नंतर त्यांनी आंध्र प्रदेश राज्य रस्ते वाहतूक महामंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले. विमानवाहू नौकेनंतर एस.टी. बस! पण वेळेवर सुटणारी गाडी हीदेखील देशसेवाच. पुढे १९६४ ते १९६९ ते ब्रह्मदेशात भारताचे राजदूत होते. १९८३ साली त्यांचे निधन झाले.

नदीचा गाळ मोजणारा हा तरुण एकतीस वर्षांनी नौदलप्रमुख झाला नाही, असे कोणी म्हणेल. डफरिनवर पाऊल ठेवल्यापासून मोजा, बरोबर एकतीस वर्षेच होतात. पालकांनीही हा हिशेब लक्षात ठेवावा. मुलाने निवडलेली वाट अनोळखी आहे, एवढ्याच कारणावरून ती बंद करू नये. १९२७ साली तर कटारींच्या पुढे त्या वाटेवर कोणाचीच पावले नव्हती.