डिझेल एंजिनाची विषम चाल : दोषनिदानाचा क्रम

पुण्याच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डात पहाटे मालाच्या रांगेत उभ्या असलेल्या मोटारीचे डिझेल एंजिन थडथडू लागले, की नोझल बिघडल्याचा निष्कर्ष झटकन काढला जाण्याचा संभव असतो. चारही नोझले बदलूनही थडथड कायम राहिली, तर खर्च व्यर्थ जातो. म्हणून निदानाचा क्रम महत्त्वाचा.

डिझेल एंजिनात ठिणगीची योजना नसते. हवेचे घनफळ सुमारे विसाव्या हिश्शावर आणले, म्हणजे ती इतकी तापते की, तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. ज्वलन सुरळीत होण्यास पुरेसे संपीडन, इंधनाचे योग्य प्रमाण व फवारणीची योग्य वेळ या तीन गोष्टी लागतात. चार सिलिंडरांचे, चार धावांचे एंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असता प्रत्येक सिलिंडरात ४०० ज्वलने होतात. त्यांपैकी एकच सिलिंडर निकामी असेल, तर सेकंदास सहा-सात झटके ठरावीक लयीने जाणवतात. इंधनात हवा शिरली असल्यास मात्र चाल बहुधा अनियमितपणे चढते-उतरते. एंजिनाखालील रबरी बैठका झिजल्या असतील, तर ज्वलन निर्दोष असूनही कंप जाणवतो. त्या आधी तपासाव्यात.

यानंतर दोषी सिलिंडर शोधावयाचा. १९९८ साली जाहीर झालेल्या टाटा इंडिकाच्या मूळ डिझेल नमुन्याप्रमाणे यांत्रिक पंप असेल, तर एकेका नोझलाच्या नळीचा नट क्रमाने किंचित सैल करतात. ज्या सिलिंडराचे इंधन तोडूनही चालीत फरक पडत नाही, तो दोषी होय. त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरात बसवावे. दोष त्यासह सरकला, तर नोझल सदोष. जागीच राहिला, तर संपीडन मोजावे.

धूरही सूचक असतो. काळा धूर हवेची कमतरता किंवा इंधनाचे आधिक्य, तर निळा धूर वंगण जळणे दर्शवितो. पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचा असतो. एंजिन तापताच तो थांबला, तर हीटर प्लग तपासावेत.

नट सैल करण्याची ही रीत कॉमन रेल पद्धतीच्या एंजिनास कदापि लावू नये. तेथील दाब १००० बारहून अधिक असू शकतो आणि निसटलेली धार त्वचा भेदून शरीरात शिरते. अशा एंजिनात प्रत्येक इंजेक्टरातून परत येणारे इंधन मापपात्रांत गोळा करून त्याची तुलना करतात. ज्याचे परत येणारे इंधन इतरांहून बरेच अधिक, तो प्रथम संशयास्पद मानावा.