‘मन कमकुवत होतं’ म्हणून विषय संपवू नका

वस्तीतल्या एखाद्या भगिनीने आत्महत्येचा प्रयत्न केला, की ‘मन कमकुवत होतं’ असे म्हणून लोक मोकळे होतात. कारणे मात्र बहुधा एकाहून अधिक असतात.

एनसीआरबीच्या नोंदीनुसार २०२१ मध्ये देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २३,१७८, म्हणजे निम्म्याहून जास्त, गृहिणी होत्या. नवऱ्याची दारू व मारहाण, हुंड्याचा तगादा, कमी वयातले लग्न, हातात स्वतःचा पैसा नसणे, माहेरचा आधार तुटणे ही सामाजिक कारणे. नैराश्य, विशेषतः बाळंतपणानंतरचे, आणि दीर्घ आजार ही वैद्यकीय कारणे. आधी झालेला प्रयत्न हा सर्वांत मोठा धोक्याचा इशारा. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच जपायचे असतात. नैराश्यावर औषध आहे, पण मारहाणीवर गोळी नाही. नुसत्या समजुतीने नैराश्यही जात नाही. दोन्ही बाजूंनी मदत लागते.

पुण्याने हे पूर्वी पाहिले आहे. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी इथे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. गरोदर विधवेपुढे तेव्हा बदनामी, बाळाची हत्या किंवा स्वतःचा जीव देणे, एवढेच मार्ग उरत. फुले दांपत्याने तिला उपदेश न करता सुरक्षित बाळंतपणाची जागा दिली. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला.

आज कायदाही तिच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम ११५ सांगते, की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानावे आणि तिला शिक्षा न करता उपचार व पुनर्वसन द्यावे. पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात नेण्यास उशीर करू नका.

विहारातल्या युवक-युवतींनी आणि महिला मंडळांनी एवढे करावे : कुणी ‘आता जगावंसं वाटत नाही’ म्हणाली, तर थट्टा करू नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असे स्पष्ट विचारा; विचारल्याने धोका वाढत नाही. तिला एकटे सोडू नका, डॉक्टरकडे सोबत जा. घरात मारहाण असेल, तर तिला त्याच घरात परत पाठवण्याची घाई करू नका.

मोफत मदत, चोवीस तास : टेलि-मानस १४४१६, महिला हेल्पलाइन १८१. हे दोन्ही क्रमांक विहाराच्या फलकावर आजच लिहा.