तिस्ताकाठचा कांदा

पहाटे 3:00. सिलिगुडी, चंपासरीचं रेग्युलेटेड मार्केट. ऑक्टोबर सरत आलाय. हवेत गारवा, तरी हमालांचे गंजीफ्रॉक घामाने ओले. पिकअपमध्ये लाल जाळीची पोती चढताहेत. कांदा नाशिकचा. हमाली पोत्याला दहा रुपये. ड्रायव्हरला इथे सगळे दाजू म्हणतात. दाजू पोती मोजत नाही, पाटे बघतो. मागचे पाटे सपाट झाले की हात वर करतो. "बस. आता चढाला गाडी तू ढकलशील का?" व्यापारी हसतो आणि आणखी एक पोतं टाकतो.

3:50. ताडपत्री, वर दोर. हेल्पर पोरगा गाडीला पाय लावून दोर ओढतो, गाठ आवळतो. मग गज घेऊन टायर ठोकत फिरतो. मागच्या डाव्याचा आवाज बसका. हवेचे वीस रुपये.

4:40. सेवक. सालाचं जंगल संपलं, घाट लागला. आता तिस्ता उजव्या हाताला, थेट तिस्ता बाजारपर्यंत. या काठाने 1915 पासून दोन फुटी रुळांवरून गाडी धावायची. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीचीच ही शाखा, सिलिगुडी ते गेल खोला. सिक्कीमची संत्री हिच्यातून खाली यायची. 1950 च्या पावसाळ्यात पुराने आणि दरडींनी मार्ग तोडला, तो पुन्हा कोणी जोडला नाही. दाजूला यात फार रस नाही. "होती म्हणतात. मला रस्ताच पुरत नाही."

5:35. बिरिक. पुढे दिव्यांची रांग. दरड. पाऊस थांबून दिवस झाले, तरी डोंगर अजून सुटतोच आहे. इंजिन बंद. पोरगा उतरून मागच्या चाकाला लाकडी ओट लावतो. ओट बाभळीसारख्या कठीण लाकडाची, कडा झिजून गोल झालेल्या, मधून तार गुंडाळलेली. गाडीतली सगळ्यात स्वस्त वस्तू हीच, आणि दाजू रागावतो तो हिच्यावरूनच. मागे एकदा पोरगा ती रस्त्यात विसरून आला होता.

6:20. जेसीबी मोठे धोंडे नदीत लोटतो. उरलेली माती सहा माणसं फावड्याने ओढतात. त्यांच्यातला एक फक्त वर बघत उभा. शिट्टी त्याच्या तोंडात. खडा घरंगळला की शिट्टी, आणि सगळे पळतात. हे बिनफावड्याचं काम मला सगळ्यात अवघड वाटलं. चहा दहा रुपये. रांग वाढली तसा चहावाला चालत मागे गेला, धंदा जोरात.

7:10. एकेरी वाट सुटली.

8:00. गेल खोला. इथे रूळ संपायचे. तिबेटची लोकर जेलेप ला ओलांडून खेचरांवरून कालिम्पोंगला यायची, आणि डोंगरावरून खाली मालाचा रोपवे होता. गाडीतून आज यातलं काही दिसत नाही. दिसतात ते डंपर. सेवक ते रंगपो नवी रेल्वे होतेय. 45 किलोमीटरपैकी 38 हून जास्त बोगद्यांत, तिस्ता बाजारचं स्टेशनसुद्धा डोंगराच्या पोटात. नव्या गाडीने नदीपासून चार हात लांबच राहायचं ठरवलंय. तिस्ता बाजारला 4 ऑक्टोबर 2023 चा पूर आला, तेव्हाच्या गाळाने इथली कितीतरी घरं भरली. ते पाहिल्यावर बोगद्यांचा खर्च डोळ्यांवर येत नाही.

8:20. पूल ओलांडला. चढ. पहिला गिअर, दुसरा, परत पहिला. पोरगा ओट मांडीवर घेऊन दाराशी.

9:30. कालिम्पोंग, शनिवारचा हाट. उशीर झाला. दुकानदार तोंड वाकडं करतो, दोन पोती फोडून बघतो. दमट कांदे बाजूला. पोती उतरवायची हमाली इथे बारा रुपये. चढाचं गाव.

12:30. थुक्पा दोन वाट्या. परतीला आलं आणि इस्कुस नावाची भाजी, तेव्हा रिकामी गाडी उतरवायची पाळी नाही.

16:45. सिलिगुडी. दाजू बॉनेटवर हिशेब मांडतो. भाडं साडेचार हजार, परतीचे बाराशे. डिझेल चौदाशे, पोरगा पाचशे, चहापाणी, हवा. महिन्याचा हप्ता सतरा हजार. फोन वाजतो. उद्या बिरिकला रस्ता बंद, गाड्या गोरुबथान-लाव्यावरून. लांबचा पल्ला.

"जास्तीचं डिझेल कोण देणार?" दाजू व्यापाऱ्याला विचारतो.

व्यापारी चारशे म्हणतो, दाजू बाराशे. आठशेवर ठरतं, आणि उद्या ते जास्तीचं पोतं टाकायचं नाही, हेही.